गेरू

तेहतीस वर्षं भोसरीत फिटर होतो.
माणसांनाही मी शतांश मिलिमीटरनं मोजतो
असं सुलभा म्हणते. म्हणू दे.
तिला ज्वारी हवी होती जाडसर, बोटांना कळेल अशी,
आणि कोपऱ्यावरचा चक्कीवाला
पाच किलोच्या खाली पट्टाच चढवत नव्हता.

म्हणून धायरीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत
मी जातं करायला घेतलं.
मोटर जुन्या बाजारातली, रविवारची,
कुठल्याशा मेल्या वॉशिंग मशीनच्या पोटातली.
बेअरिंगं माझ्याच खणातली, तेलकट कागदात अजून कोरी.
मोडक्या पाटाची माकडी.
गोडेतेलाच्या डब्याचं नरसाळं.
दगड फुकट:
मागच्या इमारतीचा पाया खणताना निघालेला काळा फत्तर,
एका कडेला सुरुंगाच्या भोकाची अर्धी नळी.
ती राहू दिली तशीच.

अठरा दिवस ग्राइंडर मारला.
बी विंगची दोनदा चिठ्ठी आली.
शेवटी डायल लावून वरची तळी फिरवली,
काटा जागचा हलेना.
मी एकटाच हसलो गच्चीवर.

मग पहिला घास वैरला
आणि खाली आलं राखाडी, गरम,
करपल्या वासाचं काहीतरी.
सुलभानं चिमूट जिभेवर ठेवली.
कचकन वाजलं.
काही न बोलता तिनं चूळ भरली.

वडारवाडीहून शेवंताबाई धोत्रे बसनं आल्या,
पिशवीत तीन टाक्या, एक हातोडी, चहाची बाटली.
गल्लीत हाक घालून वीस वर्षं झाली म्हणाल्या,
घसा मात्र तयार आहे.
दगडावर पेरानं टकटक केलं, कान लावला,
मी स्क्रू ड्रायव्हर टेकवून बेअरिंग ऐकायचो तसा.
"आरसा केलास की रं ह्याचा.
दाणा धरंल कशाला?"

मी माझा कंपनीतला गॉगल दिला.
त्यांनी तो चष्म्यावरूनच चढवला,
टाकीतल्या पाण्यात वाकून बघितलं स्वतःला,
आणि पदराच्या गाठीतून गेरूचा खडा काढला.
उगाळला. खालच्या तळीवर फासला.
वरची ठेवली, अर्धा फेरा, उचलली.
जिथं लाल उमटलं तिथं टाकी.
पुसलं. फासलं. फिरवलं. उचललं.

माझ्या हातातला कप तसाच राहिला.
हे तर माझं निळं होतं.
सरफेस प्लेटवर निळा रंग लावून
मी तेहतीस वर्षं हेच करत होतो,
उंचवटा शोध, खरवड, पुन्हा टेकव,
आणि समजत होतो की हे
कुणीतरी परदेशातून क्रेटमध्ये घालून पाठवलंय.
"कुणी शिकवलं?"
"शिकवायचं काय त्यात?
जे म्होरं येतं त्याला रंग लागतो."

दुपार कलली तेव्हा मधून कडेपर्यंत
बारीक बारीक टवके होते, देवीच्या व्रणांसारखे.
बसचं तिकीट घेतलं त्यांनी.
पोटाशी सुळकन गेलं पाहिजे, कडेला अडलं पाहिजे.
अडलं.
डायल खिशातच राहिला माझा.

पहिलं दळण लालसर. ते कालव्याकडच्या गोठ्यात गेलं.
दुसरं त्यांनी अंगठ्याखाली चोळलं, बराच वेळ,
जशी एखादी जुनी नोट खरी की खोटी बघावी.
"हं."

मी पाचशे दिले. तीनशे घेतले.
"बाकीचं सा म्हैन्यांनी. दगूड झिजतो."
जाताना काय वाटलं कोण जाणे,
एक टाकी माझ्या हातात दिली,
"हितं. कडंला. हलक्या हातानं."
मी मारली.
खोल गेली.
त्या काहीच बोलल्या नाहीत, गॉगल पुसून परत केला.

त्या खळीत दर वेळी पीठ अडकतं.
मी दातांच्या जुन्या ब्रशनं काढतो.
खालून सुलभा विचारते, निघालं का सगळं?
नाही, थोडं राहिलंय.